रुक्मिणकाकीचा खडक

मालवणी मुलखात जाऊन आलो म्हटलं की आमच्याकडे घाटावर पहिला प्रश्न येतो, "किल्ला बघितला?" आणि दुसरा, "मासे काय काय खाल्ले?" किल्ला मी बघितला नाही. खाण्याबद्दल पुढे लिहिणार आहे. २००७च्या डिसेंबरात मी आणि माझी पत्नी सुनंदा देवगड तालुक्यातल्या मिठबावला राहून आलो, ते एक खडक बघण्यासाठी. बॅडमिंटनची दोन मैदानं शेजारी शेजारी आखली तर जेवढी जागा होईल, तेवढा तो खडक. भरतीला बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. गावाबाहेर किनारा वळतो तिथे आहे. त्याला नाव नाही आणि तो बघायला कोणी येत नाही.

तो खडक मी उजाड केला होता. म्हणून बघायचा होता.

नीट सांगतो. आजऱ्याच्या अलीकडच्या एका गावात मी कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवतो. जवळजवळ बारा वर्षं, दर डिसेंबरात, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी या खडकावर यायचो. बरोबर छिन्न्या, हातोड्या, चिमटे आणि फॉर्मॅलिनच्या बाटल्यांच्या दोन लाकडी पेट्या. प्रत्येकाने पाच प्राणिसंघांचे नमुने जमवायचे असा माझा नियम. रंध्रीय म्हणजे स्पंज, आंतरगुही म्हणजे समुद्रफूल, संधिपाद म्हणजे खेकडे, मृदुकाय म्हणजे शंख-शिंपले आणि कंटकचर्मी म्हणजे अंगभर काटे असलेले गोल सी-अर्चिन. ज्याच्या बाटल्या जास्त त्याला गुण जास्त. मुलं हौसेने एकाच्या जागी चार उचलायची आणि मी शाब्बास म्हणायचो. परत आल्यावर निम्म्या बाटल्यांवर नावाची चिठ्ठी लावायचंसुद्धा राहून जायचं. वर्षभराने फॉर्मॅलिन उडून गेलं की त्या प्रयोगशाळेमागच्या खड्ड्यात रित्या व्हायच्या. तिथे किती काटेरी गोळे गेले, ते मी मोजलं नाही.

त्या खडकावर एक बाई कालवं काढायला यायची. कालव म्हणजे खडकाला घट्ट चिकटून वाढणारा शिंपला, आतलं मांस लोण्यासारखं मऊ. आमचा तांडा उतरला की ती जरा सरकून बसायची, आणि आम्ही निघालो की दरवर्षी मागून ओरडायची, "घर ठेव रे, मास्तर!" अनोळखी बाईने अरे-तुरे करणं ही आमच्याकडे भांडणाची सुरुवात असते, इथे तसं नसतं हे कळायला मला दोन वर्षं लागली. घरी ने आणि शोकेसमध्ये ठेव, अशी ती चेष्टा करते आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. "हो हो, घरीच ठेवतो!" असं मी हात हलवून सांगायचो आणि मुलं हसायची.

१९९८ची सहल शेवटची. त्या वर्षी खडकावर शेवाळाचा हिरवा गिलावा चढला होता, पाय ठरत नव्हता. दोन तास शोधून एकही सी-अर्चिन मिळाला नाही. कालवं कुठे कुठे, चार-दोन. एका मुलीने विचारलं, "सर, मागच्या वर्षीच्या मुलांनी सगळं नेलं का?" मी म्हणालो, "समुद्र मोठा आहे." ती बाई खडकावर नव्हती. वाळूत रिकामी टोपली घेऊन बसली होती आणि निघताना काही ओरडली नाही. पुढच्या वर्षी मी प्राचार्यांना सांगितलं की गाडीचा खर्च झेपत नाही, सहल बंद करू. ते खोटं होतं. मला त्या बाईसमोर जायचं नव्हतं.

नऊ वर्षं मी हे पोटात ठेवलं. टीव्हीवर समुद्र दिसला की मी चॅनेल बदलतो, हे सुनंदाच्या लक्षात आलं होतं. या दिवाळीनंतर तिने सरळ विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग जाऊन बघू या की. इथे बसून कसं कळणार?"

खडक परत जिवंत झाला आहे का, आणि ती बाई मला त्यावर पाय ठेवू देते का, एवढ्या दोनच गोष्टी मला बघायच्या होत्या.

आंबोली

पावसाळ्यातली आंबोली सगळ्यांना माहीत असते. डिसेंबरातली मला जास्त आवडते. हवा कोरडी, गार, झाडांवर धुतलेला हिरवा रंग अजून टिकलेला. एसटी टपरीसमोर थांबली. आम्ही गरम कांदाभजी घेतली आणि बाकावर बसलो. सुनंदाने त्या बाईसाठी म्हणून गुळाची ढेप आणि घरच्या भडंगाची मोठी पिशवी आणली होती. ढेप बॅगेत होती. भडंग मांडीवर होतं. एक वानर कठड्यावरून उतरलं, आमच्यापुढे दोन क्षण बसलं आणि शांतपणे पिशवी उचलून झाडावर गेलं.

सुनंदा वर बघत म्हणाली, "याचा संघ कुठला हो?"

"आपलाच."

"तरीच एवढ्या हक्काने नेलं."

टपरीवाला पोट धरून हसला आणि एक प्लेट भजी त्याने फुकट दिली. घाट उतरताना माझ्या मनावरचं ओझं हलकं झाल्यासारखं वाटलं. सावंतवाडीला गाडी बदलायची होती. तिथे इन्सुलीची पाटी दिसली आणि एक जुनी गोष्ट आठवली. एका वर्षी आम्ही मुलांना गोवा दाखवून परत येत होतो. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आमच्या लाकडी पेट्या उतरवल्या गेल्या. गोव्याकडून बाटल्यांच्या पेट्या येतात म्हणजे आत काय असणार, याबद्दल तिथे कोणाला शंका नव्हती. एका शिपायाने ऐटीत झाकण काढून वास घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाटलीत समुद्री काकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा एक कंटकचर्मी प्राणी, तरंगत होती. तो डोळे पुसत म्हणाला, "मास्तर, ह्या कोण पिता?"

ही गोष्ट मी सुनंदाला दहा वेळा सांगितली असेल. या वेळी ती हसली, पण नंतर विचारलं, "त्या काकडीचं पुढे काय झालं?" मला उत्तर माहीत होतं. खड्डा.

मिठबाव

उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. नारळाच्या बागेत दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या बाबलकडे आमची सोय होती. बाबल तिशीतला, आंब्याची कलमं सांभाळणारा, बोलका माणूस. माझ्याशी तो पुस्तकी मराठी बोलायचा, "सर, आपण हातपाय धुऊन घ्या," आणि मान वळवून बायकोला, "गो, पावणे इले, च्याय ठेव!"

रात्री बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी होती. तिखल्यात तिरफळं होती. एक चुकून चावलं आणि माझी जीभ पाच मिनिटं झिणझिणत राहिली. इथली एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक असतं. बाबलच्या बायकोने विचारलं, "आणखी होया?" मी रीतीप्रमाणे नको म्हणालो. तिने भांडं उचललं आणि आत नेलं. सुनंदाने पहिल्याच फटक्यात हो म्हटलं होतं, ती पोटभर जेवली. मी अर्धपोटी झोपलो.

त्याआधी मी बाबलला विचारलं, "इथे एक बाई कालवं काढायच्या..."

"रुक्मिणकाकी? आसा ना! तुम्ही कसे ओळखता?"

"पूर्वी सहलीला यायचो."

कालवं मिळतात का आता, एवढा साधा प्रश्न पुढे विचारायचा होता. तो माझ्या तोंडून निघाला नाही.

दुसरा दिवस

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल टाकून यायचं लांबच लांब जाळं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. आम्हीही दोराला हात लावला. सुनंदाने वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पदर खोचून दोर ओढला आणि शेजारच्या म्हाताऱ्याने, "वैनीनू, पुढच्या टायमाक तुमचो वाटो!" असं जाहीर केलं.

जाळं वर आलं आणि माशांचे ढीग होऊ लागले. मी बघत बसलो. आमच्या वर्गात खेकडा एका पानावर, कोळंबी त्याच पानावर, आणि बांगडा पार दुसऱ्या प्रकरणात. इथे बायकांचे हात वेगळ्याच हिशेबाने चालत होते: आज खायचं, बाजारात न्यायचं, सुकवायचं, परत पाण्यात सोडायचं. एक लहान कासव जाळ्यात आलं होतं. म्हाताऱ्याने ते दोन हातांवर घेतलं, कपाळाला लावलं आणि लाटेत ठेवलं. मी वहीत टिपणं घेत होतो. अर्धा तास झाला, तास झाला.

सुनंदा मागे येऊन उभी राहिली. "आपण माफी मागायला आलोय की बांगडे मोजायला?"

संध्याकाळपर्यंत मी आणखी दोन सबबी काढल्या: एकदा दुपारची झोप, एकदा पोटाची तक्रार. मग तिने गुळाची ढेप उचलली आणि चालू लागली. मी मागोमाग गेलो.

रुक्मिणकाकीचं घर किनाऱ्यापासून पन्नास पावलांवर. ती खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून सुपात तांदूळ पाखडत होती. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती, पण डोळे तेच. तिने वर बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"बाटलीवालो मास्तर!"

मी नमस्कार केला.

"बाटले खंय आसत?"

"नाही आणले."

"हातोडी?"

"नाही."

"मगे कशाक इलंस?"

मी दोन दिवस जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. "काकी, मला तुम्हाला..." एवढंच म्हणालो. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग सुनंदाकडे बघितलं.

"ही तुझी बाईल?"

"हो."

"बरी दिसता. तुका कशी गावली?" सुनंदाने तिच्या हातात ढेप ठेवली. काकीने ती नाकाजवळ नेऊन वास घेतला, मान डोलावली आणि माझ्याकडे वळली. "उद्या सकाळी साताक सुकती आसा. खडकार ये. काय बोलूचा ता थंय बोल." सुकती म्हणजे ओहोटी. तिने सूप परत उचललं. भेट संपली होती.

खडकाबद्दल तिने चांगलं-वाईट काहीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री बाबलच्या बायकोने "आणखी होया?" विचारल्यावर मी पहिल्यांदाच होय म्हणालो, आणि तरी मला जेवण गेलं नाही.

खडक

अमावास्या होऊन तीन दिवस झाले होते. पाणी खूप आत गेलं होतं. सूर्य अजून माडांच्या मागे, आणि वाळू पायाला गार लागत होती. काकी आमच्या आधी पोचली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात टोकदार लोखंडी हत्यार, दुसऱ्या हातात नारळाची करवंटी.

"हळू ये. हयसर निसरडा आसा," ती म्हणाली.

काठाचा भाग खरंच निसरडा होता. तेच हिरवं शेवाळ. मी मान खाली घालून चार पावलं टाकली, पाचव्याला पाय सटकला आणि मी कमरेपर्यंत एका डबक्यात बसलो. चष्मा पाण्यात पडला. तो चाचपडत शोधताना बोटाला काहीतरी टोचलं. मी चष्मा डोळ्याला लावला आणि वाकून बघितलं.

काटे. काळे-जांभळे, सावकाश हलणारे काटे. खडकाच्या खोबणीत लिंबाएवढा सी-अर्चिन बसला होता. त्याच्या शेजारी दुसरा. पलीकडच्या कपारीत तीन.

मी तसाच पाण्यात पालथा झालो. सतरापर्यंत मोजले आणि मग डोळ्यांत पाणी आल्यामुळे मोजता येईना. चोपन्न वर्षांचा माणूस डबक्यात पडून रडतो आहे आणि हसतोही आहे, असं दृश्य असणार. सुनंदा ओरडली, "लागलं का हो?" काकीने तिला सांगितलं, "लागूक नाय. खूश झालो हा."

समुद्राकडचा अर्धा खडक भरला होता. करड्या-पांढऱ्या कालवांचे सुरीसारख्या धारेचे थर, त्यांच्या मधून मधून समुद्रफुलं, कपारीतून डोळे काढून बघणारे खेकडे. सी-अर्चिन जिथे होते तिथला खडक घासल्यासारखा स्वच्छ होता, कारण ते शेवाळ खरवडून खातात. कालवाचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं आणि त्याला चिकटायला असा स्वच्छ, कठीण पृष्ठभाग लागतो. हे सगळं मी पंचवीस वर्षं शिकवत आलो आहे. सी-अर्चिन प्रकरण आठवं, कालव प्रकरण सातवं. दोघं एकाच खडकावर एकमेकांच्या जिवावर जगतात, हे प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही. आम्ही गोळे नेले, शेवाळ वाढलं, आणि कालवांना बसायला जागा उरली नाही.

मी उठून काकीसमोर उभा राहिलो. कपड्यांतून पाणी गळत होतं. आता वाक्यं जुळवण्याची गरज वाटली नाही. "काकी, हा खडक आम्ही ओरबाडला. मी मुलांना तसं शिकवलं. आणि नंतर तुम्हाला तोंड दाखवायला घाबरलो."

"घाबारलंस ता बरा केलंस," ती म्हणाली. "पण माका एक सांग. मी दरवर्साक सांगी होतंय, घर ठेव म्हणान. तू होय होय म्हणी होतंस, आणि सगळा उपटून नेय होतंस. होय कित्याक म्हणलंस?"

"घर म्हणजे?"

ती खाली वाकली. एका कालवाच्या फटीत तिने हत्याराचं टोक घातलं, मनगट फिरवलं आणि वरचं झाकण उडवलं. आतलं मांस करवंटीत घेतलं. खालची वाटी खडकाला तशीच चिकटलेली राहिली, आत मोत्यासारखी चकाकणारी.

"ह्या घर," ती म्हणाली. "झाकण काढूचा, मांस काढूचा, घर ठेवूचा. हेच्यार पुढच्या वर्साक नवीन बसतत. तुझी पोरां छिन्नी मारून घरासकट काढी होती."

मी सुनंदाकडे बघितलं. तिच्या लक्षात माझ्या आधी आलं होतं आणि तिने तोंडाला पदर लावला होता.

"काकी," मी म्हणालो, "मला वाटायचं तुम्ही म्हणताय, घरी ने आणि ठेव."

काकीने हत्यार खाली केलं. "काय?"

"शोकेसमध्ये. घरी. आठवण म्हणून."

"तसा म्हणूचा आसता तर 'घराक व्हर' म्हटलंय नसतंय?" ती म्हणाली. व्हर म्हणजे ने. मग तिला ते सगळं एकदम उमगलं असावं. ती खडकावर बसली. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. करवंटीतली कालवं सांडतील म्हणून सुनंदाने ती तिच्या हातातून घेतली. "बारा वर्सां!" काकी हसता हसता बोलत होती. "बारा वर्सां मी हेका चोर म्हणान गाळी घातलंय, आणि हेका वाटला मी भेट देतंय!"

मीही हसलो. पण हसणं ओसरल्यावर मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं की शब्दाचा चुकीचा अर्थ घेतला ही सबब पुरी पडत नाही. कालवाला काय लागतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. तिला एकदा थांबून विचारलं असतं तरी पुरे होतं.

काकी गंभीर झाली. "खोटा कित्याक सांगू? राग इलो होतो माका. दोन वर्सां काजीच्या कारखान्यात गेलंय. काजीचो डीक लागान हात काळे झाले, कातडा गेला." काजी म्हणजे काजू; त्याच्या टरफलाचा चीक कातडी जाळतो. तिने तळवे पुढे केले. आता ते बरे होते, बोटांवर फक्त कालवांच्या धारेच्या बारीक रेघा होत्या.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता सुकती थोडी आसा. राग काढूक येळ नाय. चल, काम कर."

तिने हत्यार माझ्या हातात दिलं. मी फटीत टोक घातलं, जोर लावला, आणि कालव घरासकट उपटून हातात आलं.

"मेल्या, परत उपटलंस!"

दुसऱ्याला बोट कापलं. सुनंदाने पहिल्याच प्रयत्नात झाकण उडवलं आणि करवंटी पुढे धरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. चौथ्या खेपेला मला जमलं. खालची वाटी जागच्या जागी राहिली. मी तिच्यावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं नमुने गोळा केले, पण एखादा प्राणी काढून घेताना मागे काय ठेवायचं, हे मी पहिल्यांदा शिकत होतो.

काकी काम करता करता दाखवत होती. रिकाम्या वाटीत बोटभर मासा शिरलेला: "हो भाडेकरू." शंख पाठीवर घेऊन पळणारा खेकडा: "हो दुसऱ्याच्या घरात घुसलेलो." कालवाला बारीक भोक पाडून आतलं शोषणारी गोगलगाय तिने चिमटीत धरून माझ्या नाकासमोर नाचवली: "ही दरोडेखोर. कुर्लेनी हेंका खाल्ल्यानी तर बरा, नायतर सगळा खलास." कुर्ले म्हणजे खेकडे. आम्ही खेकडेही पेटी भरून नेले होते. मी मनातल्या मनात तोही हिशेब लावला.

मग मला एक गोष्ट तिला दाखवावीशी वाटली. खडकावर पांढरे खडबडीत दाणे असतात, पायाला टोचणारे. काकी त्यांना दगडाची खरूज म्हणाली. मी सांगितलं की ते कुर्लीचे भाऊबंद आहेत.

"ह्यो? कुर्लेचो भाव? मास्तर, उन्हान तुझा डोक्या फिरला."

मी खिशातलं भिंग काढलं, ते दाणे जिथे पाण्यात होते तिथे तिला वाकायला लावलं आणि भिंग तिच्या डोळ्यापुढे धरलं. आधी काही नाही. मग एका दाण्याचं झाकण उघडलं आणि आतून पिसासारखे सांधेवाले पाय बाहेर आले. ते पाणी ओढून घेऊ लागले, बाहेर, आत, बाहेर, आत.

काकी श्वास रोखून बघत होती. "गो बाय माझे! पाय हलयता!" तिने भिंग माझ्या हातातून काढून घेतलं आणि पुढची दहा मिनिटं ती त्या खडकावर गुडघे टेकून फिरत होती. साठ वर्षं ती या दाण्यांवर पाय ठेवत आली होती. "हो पण कुर्लेचो? आणि हो? सगळेच?" प्रत्येक वेळी मी हो म्हणालो आणि प्रत्येक वेळी ती नव्याने हसली. वर्गीकरण शिकवताना समोरच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता.

किनाऱ्याच्या बाजूला आमच्या छिन्न्यांच्या खुणा अजून होत्या, ओळीने पाडलेले खळगे. कालवं तिथे परत आलेली नव्हती. पण खळग्यांत पाणी साचत होतं, आणि तीन-चार खळग्यांत वाटाण्याएवढे सी-अर्चिन बसले होते. मी ते बघून थबकलो. काकीने ओळखलं.

"आता म्हणशील, तेंका घरां मीच बांधून दिलंय. तुझो उपकार नाय हां तो!"

"नाही म्हणणार."

"म्हणशील. घराक जाऊन पुस्तकात लिवशील."

म्हणून इथे लिहून ठेवतो: उपकार माझा नाही.

पाणी चढू लागलं तसे आम्ही निघालो. दुपारी काकीने कालवांचं सुकं केलं, ओलं खोबरं आणि कोकम घालून, आणि तांदळाच्या भाकऱ्या. सुनंदा मटणावर वाढलेली बाई. कालव बघूनच तिने आधी नाक मुरडलं होतं. तिने एक खाल्लं, डोळे मिटले आणि ताट पुढे सरकवलं. काकी मला वाढायला आली. "होया?"

"होया," मी म्हणालो, आणि या खेपेला सगळं संपवलं.

निघताना

चौथ्या दिवशी सकाळी बस होती. काकी थांब्यापर्यंत आली, हातात सुकवलेल्या कालवांची पुडी. ती तिने सुनंदाला दिली. बस दिसायला लागली तेव्हा मी धीर करून विचारलं, "काकी, मुलांना परत आणू का?"

बस वळण घेऊन जवळ आली, कंडक्टरने दार उघडलं.

"बाटले?"

"नाहीत."

"छिन्नी?"

"नाही. फक्त भिंगं."

"नुसता बघूक एवढ्या लांबसून येतली?"

"येतील. मी आणतो."

"मगे पुनवेक आण. तेवापण सुकती बरी असता. पण पयल्या दिवशी मी शिकवतलंय. तू पोरांच्या मागसून बस, गप." तिने बोट उगारलं. "आणि माझा बोलणा समाजला नाय तर होय होय म्हणू नको. इचार."

कंडक्टर घंटी मारत होता. सुनंदा चढली होती. माझ्या तोंडून "हो हो" निघणारच होतं, ते मी आवरलं, पायरीवर एक पाय ठेवून मागे वळलो आणि विचारलं, "काकी, पुनव कुठली? ही की पुढची?"

"ह्या बरा इचारलंस," काकी म्हणाली. "हीच!"